सुधाकाकूंना ऐकू येत नव्हतं तेव्हा

"काकू, खांद्यावरची पिन उघडी आहे, टोचेल," मी माइकमध्ये म्हटलं. आवाज मी अगदी खाली ठेवला होता, कुजबुजण्याच्या जरासा वर. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर फाइल धरली होती.

काचेपलीकडे बसलेल्या सुधाकाकूंचा हात खांद्याकडे गेला. पिन नीट बंद होती. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. तोच हात त्यांनी केसांवरून फिरवून मांडीवर ठेवला आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. चेहरा असा, की पाहणाऱ्याला वाटावं या बाईंनी आयुष्यात काही ऐकलेलंच नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. रत्नागिरीत माझं छोटं क्लिनिक आहे. कानाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि कमी येत असेल तर योग्य मशीन बसवून द्यायचं, हे माझं काम. मोजणी सोपी असते. आवाज आत न शिरणारी एक केबिन असते, तिला काचेची खिडकी असते. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन लावतो. मी बाहेरून एकेक सूर सोडते, कधी जाड, कधी बारीक, आणि प्रत्येक सूर हळूहळू कमी करत नेते. ऐकू आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. कोणता सूर किती हळू असताना ऐकू आला, ते कागदावर मांडलं की एक आलेख तयार होतो. त्याला ऑडिओग्राम म्हणतात.

खऱ्या बहिरेपणाची एक खूण असते. ते शिस्तीत असतं. आज मोजा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आलेख साधारण तसाच येतो. सुधाकाकूंचा दर वेळी वेगळा येत होता. शिवाय सूर वाजला की त्यांच्या पापण्या हलत. बटण तेवढं हलत नसे.

माझ्याकडे नाटक करणारी माणसं अधूनमधून येतात. परीक्षेच्या आधी शाळकरी मुलांना ऐकू येईनासं होतं. सर्टिफिकेट हवं असलेल्या मोठ्या माणसांनाही येईनासं होतं. पण काकू रिटायर झालेल्या, स्वतःचा फ्लॅट असलेल्या, खाऊनपिऊन सुखी. त्यांना बहिरेपणाचं काय करायचं होतं, ते मला कळेना.

तरी खात्री करून घेतली पाहिजे. ओएई नावाची एक टेस्ट असते. कानात एक मऊ रबरी बूच बसवायचं आणि आवाज सोडायचा. आतला कान चांगला असेल तर तो त्या आवाजाला स्वतःहून बारीकसा प्रतिध्वनी परत पाठवतो. यात पेशंटला काहीच करायचं नसतं, त्यामुळे काही लपवताही येत नाही. काकूंच्या दोन्ही कानांनी एकदम स्वच्छ उत्तर दिलं. त्या वयात असे कान मी क्वचित पाहिले आहेत.

काकूंना घेऊन आलेले त्यांचे यजमान, वसंतकाका, तेव्हा खाली गेले होते. स्कूटर कोणाच्या तरी गेटसमोर लागली होती, ती हलवायला. मी दार लोटलं, काकूंच्या समोर बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं की तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

त्यांनी आधी दार बंद आहे ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. ह्यांना सांगू नका."

त्यानंतर त्या बोलायला लागल्या आणि थांबेनात. अर्थातच. कितीतरी महिने घरात हे सगळं त्यांच्या पोटात राहिलं होतं.

सुधाकाकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या. दिवसभर कानाला हेडसेट. मुंबईचा नंबर जोडून द्यायचा, तीन मिनिटं झाली की सांगायचं, लाइन तुटली की पुन्हा जोडायची. रत्नागिरीतली अर्धी लग्नं आणि बरीचशी भांडणं आपल्या कानावरून गेली, असं त्या म्हणाल्या. पुढे ऑपरेटरची गरज संपली. त्यांना टेबलावरचं काम मिळालं आणि त्या रिटायर झाल्या. आता कानाला आराम, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात वसंतकाका बँकेतून रिटायर झाले आणि घरी आले.

काका माणूस उत्तम. व्यसन नाही, राग नाही. फक्त बोलतात. सकाळी उठल्यापासून. पाणी तापत ठेवलं की सांगतात, तापलं की सांगतात, बंद केलं की तेही सांगतात. पेपर मोठ्याने वाचतात. मोबाइलवर आलेले मेसेज मोठ्याने वाचतात आणि त्यांतले चुकीचे कोणते तेही समजावून देतात. टीव्हीवरची बातमी दोघांनी शेजारी बसून पाहिली तरी नंतर काकूंना पुन्हा सांगतात. आणि हे सगळं अशा आवाजात, की खालच्या मजल्यावरच्यांनी पेपर बंद केला तरी चाललं असतं.

एकदा काकू मिक्सरवर चटणी वाटत होत्या. काकांनी काहीतरी विचारलं ते त्यांना खरंच ऐकू आलं नाही. काकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, मग एक सुस्कारा सोडून बाहेर जाऊन बसले. दुपारपर्यंत घर शांत होतं. काकूंना ती शांतता फार आवडली. दुसऱ्या दिवशी मिक्सर चालू नव्हता, तरी त्यांना ऐकू आलं नाही.

"सुरुवातीला दिवसातून एकदाच करायचे," काकू म्हणाल्या. जसं काही रक्तदाबाची गोळी.

मग ते वाढत गेलं, घरात त्यांचं स्वतःचं बोलणंही जवळजवळ बंद झालं. नाटकाची पंचाईत अशी की त्याला मध्येच सुट्टी देता येत नाही. सकाळी बहिरं असलेलं माणूस संध्याकाळीही बहिरं असावं लागतं. संध्याकाळचा तास मात्र त्यांचा मोकळा असे. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात जमतात. काका त्यांना स्कूटरवरून सोडत आणि घरी येऊन हळहळत, बिचारी नुसती बसून असेल त्या बायकांत. तिथे काकू मनसोक्त गप्पा मारून येत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण उन्हाळ्यात काका गच्चीवर आमसुलं वाळत घालायला गेले आणि वाऱ्याने दार आपटून आतली कडी पडली. काका वरून हाका मारू लागले. काकू खाली डाळ निवडत होत्या. त्यांनी हाका ऐकल्या. पण काका रोजच गच्चीवरून काही ना काही सांगत, की ऊन चढलं, माकडं आली, शेजाऱ्यांच्या टाकीतून पाणी वाहतंय. त्यांना वाटलं तसलंच काहीतरी असेल, आणि त्या डाळ निवडत राहिल्या. शेवटी शेजारच्या बाई कपडे काढायला वर गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. काका लालबुंद होऊन खाली आले, माठातलं पाणी प्यायले आणि आडवे झाले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी ते काही बोललेही नाहीत. ती शांतता आवडली नाही, असं काकू म्हणाल्या.

त्यांना तेव्हाच सगळं सांगून टाकायचं होतं. पण त्याआधी काकांनी डोंबिवलीला फोन केला होता.

डोंबिवलीला त्यांचा मुलगा निखिल असतो. गच्चीचा प्रकार ऐकून तो घाबरला. उद्या गॅस चालू राहिला तर, दारात कोणी आलं तर, रस्त्यात मागून गाडी आली तर, अशी त्याची यादी सुरू झाली. त्याने ठरवलं की आईबाबांना आपल्याकडे न्यायचं आणि रत्नागिरीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. काकांनी हो म्हटलं. काकूंना अजून सांगायचं नाही, निखिल गणपतीला आला की समजावू, असंही ठरलं. हे सगळं काका स्पीकरवर बोलले. काकू शेजारीच बसून लसूण सोलत होत्या.

"म्हणजे बघा," काकू मला म्हणाल्या, "मला न सांगितलेली गोष्ट मला माहीत आहे. पण कशी कळली ते सांगता येत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती. दोन-चार दिवसांनी काका झोपाळ्यावर बसले होते. काकू त्यांच्याकडे पाठ करून गादीचे अभ्रे चढवत होत्या. काका त्यांच्या पाठीशी बोलले, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात. म्हणाले, मला जायचं नाही गो तिकडे. निखिलची दोन खोल्यांची जागा, पोरं मोठी झाली, तो स्वतः हॉलमध्ये झोपेल. पण माझं काही बरंवाईट झालं तर तुला दाराची बेलसुद्धा ऐकू यायची नाही. तुला एकटीला इथे कशी ठेवू.

काकू अभ्रे चढवत राहिल्या. बहिऱ्या बाईला मागे वळून बघायचं काही कारण नव्हतं.

एवढं सांगून झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या. बहिरेपणाच्या पायऱ्या असतात ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं असतात. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, म्हणजे थोडं, मध्यम, जास्त.

"मग माइल्ड लिहा," काकू म्हणाल्या. "माइल्ड म्हणजे डोंबिवलीला जायला नको, आणि पेपरही ऐकायला नको."

इतक्या वर्षांत रिपोर्टमध्ये हवा तो शब्द मागणारे पुष्कळ भेटले. पण इतका नीट विचार करून मागणारं कोणी भेटलं नव्हतं. मी सांगितलं की जे नाही ते मला लिहिता येत नाही. तुमची गोष्ट मी तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही, पण रिपोर्टवर नॉर्मलच लिहिणार. काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. खरं सांगून टाका, असा सल्लाही मी दिला.

काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमचं लग्न झालंय ना?"

तेवढ्यात जिन्यावर काकांचा आवाज आला. ते स्कूटर कुठे लावली ते कोणाला तरी सांगत होते. बहुधा कोणालाच नाही. काकूंच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं आणि त्या पुन्हा बहिऱ्या झाल्या. मी आयुष्यभर लोकांना ऐकू यावं म्हणून खटपट केली आहे. ऐकू येणं इतक्या चटकन बंद होताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काका आत आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. बसल्याबसल्या त्यांनी पिशवीतून मुलांचा असतो तसा छोटा पांढरा बोर्ड काढला, त्यावर पेनाने काही लिहिलं आणि काकूंसमोर धरला. लिहिलं होतं, घाबरू नकोस, मी आहे.

काकूंनी वाचलं आणि मान हलवली. मी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागले.

मग काका माझ्याकडे वळले आणि बायकोच्या देखत सगळं सांगू लागले. गच्ची, निखिल, डोंबिवली, भाडेकरूसुद्धा बघून ठेवला आहे. तिला यातलं काही माहीत नाही, असं त्यांनी मला बजावलं. सर्वांत चांगलं मशीन द्या, तिला बिचारीला निदान तिकडे नातवंडांचं बोलणं तरी ऐकू येऊ दे. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. कान मात्र लाल झाले होते.

मला वेळ हवा होता. काकूंनाही हवा असावा. मी म्हटलं, टेस्ट नीट झाली नाही, पुन्हा एकदा करू. काकांनी लगेच कारण शोधून काढलं. तिला बटणाचं समजलं नसेल, थांबा, मी दाखवतो. मी काही बोलायच्या आत ते केबिनमध्ये जाऊन बसलेसुद्धा. हेडफोन लावला, बटण हातात घेतलं आणि काचेतून काकूंना खुणेने सांगू लागले, हे बघ, आवाज आला की असं दाबायचं.

मी एक जाड सूर सोडला. काकांनी बटण दाबलं आणि काकूंकडे बघून हसले. आणखी एक सोडला. दाबलं. मग बारीक सूर सोडला. काका अंगठा वर धरून बसून राहिले. मी आवाज वाढवला. काका हसतच होते. आणखी वाढवला. साधारण माणूस दचकेल इथपर्यंत नेला, तेव्हा कुठे अंगठा खाली आला.

काकू माझ्या बाजूला उभ्या होत्या. माझ्या मशीनवर एक छोटा दिवा आहे, सूर वाजतो तेव्हा तो लागतो. आयुष्य स्विचबोर्डसमोर गेलेल्या बाईला दिवा आणि आवाज यांचं नातं समजावून द्यावं लागत नाही.

"हा दिवा लागला म्हणजे आत आवाज गेला ना?" त्यांनी ओठांवर पदर धरून हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग हे दाबत का नाहीत?"

मी पुन्हा एक बारीक सूर सोडला. दिवा लागला. काका काचेतून काकूंना अंगठा दाखवत होते. काकूंनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि त्या जवळच्या खुर्चीवर बसल्या.

वाढत्या वयात अनेकांचं असं होतं. जाड आवाज चांगले ऐकू येतात आणि बारीक जातात. बोलण्यातले स, श, फ, थ असे वर्ण बारीक असतात. ते गळाले की माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. त्याला वाटतं लोक हल्ली पुटपुटतात. तो टीव्ही मोठा लावतो. आपलाच आवाज त्याला पुरेसा वाटत नाही म्हणून चढ्या आवाजात बोलतो. आणि ज्याला ऐकायला कष्ट पडतात, तो बरेचदा स्वतःच बोलत राहतो. बोलताना ऐकावं लागत नाही.

हे मी काकूंना थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे मुद्दाम ओरडत नव्हते."

मी काकांची पूर्ण टेस्ट करून टाकली. ते खुशीने बसले, आपण बायकोला शिकवतो आहोत या समजुतीत. बाहेर आल्यावर मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की काका, ऐकू तुम्हाला कमी येतं. पहिल्यांदा त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, पण पटलं नाही. मला सगळं ऐकू येतं, ते म्हणाले, लोकच नीट बोलत नाहीत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावरूनही निदान करता येईल.

मी आलेख समजावून दिला. काका बँकेतले, कागदावर मांडलेली गोष्ट त्यांना नाकारता येत नाही. त्यांनी आलेख पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला आधी सुचायला हवा होता. दोघांनाही ऐकू येत नसेल तर रत्नागिरीत राहायचा प्रश्नच मिटला. गणपतीपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, निखिलला लगेच सांगतो म्हणाले.

"फोन ठेवा," काकू म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

काका नंबर शोधत राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं. काकूंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. काकांनी मान वर करून काय म्हणून विचारलं. बायको इतक्या दिवसांनी काही बोलतेय याचंच त्यांना नवल वाटत होतं, शब्द लागलेच नव्हते. तेव्हा सुधाकाकू उठून उभ्या राहिल्या आणि खराब लाइनवर मुंबईशी बोलताना लावत असतील तो आवाज त्यांनी लावला.

"मला सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून येत होतं. मी सोंग करत होते."

बाहेर वेटिंगमध्ये बोलणं चालू होतं ते थांबलं. भाट्याहून आलेल्या एक मासेवाल्या मावशी दारात डोकावल्या आणि त्यांनी मला विचारलं, "काय झाला ओ मॅडम, एवढ्यात ऐकू याय लागला?" मी त्यांना बसायला सांगून दार नीट लावलं.

काका रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. बोर्ड पिशवीत ठेवायला गेले, तो दोनदा बाहेरच राहिला. मग विचारलं, "गच्चीवर मी हाका मारत होतो त्या?"

काकूंनी खाली बघून मान हलवली. मला वाटलं माकडं आली म्हणून सांगताय, असं त्या म्हणाल्या. ते पुरेसं नाही हे त्यांनाही कळत होतं.

"आणि झोपाळ्यावर?"

"तेही ऐकलं," काकू म्हणाल्या. "मलाही जायचं नाही."

काका उठले, पिशवी घेतली आणि जिना उतरून गेले. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच होत्या. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, असं काहीतरी त्या बोलायला लागल्या आणि ते वाक्य अर्धं टाकून खाली गेल्या.

माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. काका स्कूटरपाशी उभे होते, किल्ली लावलेली नव्हती. काकू त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढं दिसलं की काका मधून मधून कानामागे हात धरून पुढे वाकत होते, आणि काकू तेच पुन्हा सांगत होत्या. बराच वेळ. माझे पुढचे पेशंट खोळंबले होते, पण तेही खिडकीपाशीच उभे होते.

पुढच्या आठवड्यात काका मशीन बसवून घ्यायला एकटेच आले. घरी अबोला आहे का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, आहे, पण सैल आहे. चहाला वगैरे बोलतो.

मशीन नवं असताना मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. बरेच दिवस न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात. काकांना पेपरच्या पानाचा आवाज आला. स्वतःच्या चपलांचा आला. घरातल्या पंख्याला खडखड आहे, हे त्यांना त्या आठवड्यात समजलं. बाकी सगळ्यांना ते जुनं होतं. पण सर्वांत मोठा धक्का वेगळाच होता. मशीनमधून स्वतःचाही आवाज मोठा ऐकू येतो. पुढच्या व्हिजिटला काका माझ्यासमोर बसले आणि अगदी खालच्या पट्टीत म्हणाले, "मॅडम, मी एवढं बोलतो?"

मी म्हटलं, आता कमी झालं असेल. ते म्हणाले झालं आहे, पण उशिरा कळलं.

डोंबिवलीचा बेत रद्द झाल्याचं काकांनी निखिलला फोन करून सांगितलं. मशीन मोबाइलला जोडलेलं होतं, त्यामुळे मुलाचा आवाज थेट कानात येत होता. निखिल म्हणाला, असं कसं बाबा, आम्ही तर तयारी केली होती. शब्द हे होते. पण त्याच्या आधी त्याने श्वास सोडला, तोही काकांना ऐकू आला. पूर्वी असं काही ऐकू येत नसे, काका मला म्हणाले. त्यांना वाईट वाटलं का ते मला नीट कळलं नाही. त्यालाही बरंच वाटलं असणार ना, एवढंच ते म्हणाले, आणि मशीनच्या सेलबद्दल विचारायला लागले.

काकूंची तक्रार त्यानंतर आली. त्या महिन्याभराने फोन न करता थेट क्लिनिकमध्ये आल्या. म्हणाल्या, मशीन जरा कमी करून द्या. मला वाटलं काकांना त्रास होतोय. त्रास काकूंना होत होता. काम करता करता तोंडातल्या तोंडात उत्तरं द्यायची त्यांना सवय होती, काकांच्या प्रत्येक वाक्याला एक. इतकी वर्षं ती उत्तरं भांड्यांबरोबर धुतली जात. आता काका वळून विचारतात, काय म्हणालीस? आणि त्यांना ऐकू आलेलं असतं.

मी सांगितलं की ज्याचं मशीन त्याची तक्रार असेल तरच मी हात लावते. काकू उठल्या. जाता जाता दारात काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं.

प्रश्न एवढाच राहिला होता की काकूंना अचानक ऐकू कसं यायला लागलं, हे नातेवाइकांना काय सांगायचं. तो काकूंनीच सोडवला. त्यांनी सांगितलं की कानात मळ होता, तो मॅडमनी काढला. मला हे फार उशिरा समजलं. तोवर निखिलने कृतज्ञतेने इंटरनेटवर माझ्या क्लिनिकला पाच स्टार देऊन चार ओळी लिहिल्या होत्या. पूर्ण बहिरेपण, डोंबिवलीला न्यायची तयारी, आणि मॅडमनी एका बैठकीत मळ काढून आईला बरं केलं.

मळ काढणं हे माझं कामच नाही. ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम. पण ते वाचून लोक येऊ लागले. राजापूरहून आले, देवरुखहून आले, एक कुटुंब तर दापोलीहून एसटी बदलत आलं, सोबत कित्येक वर्षं ऐकू न येणारे आजोबा. मी कान बघते, स्वच्छ असतात. मी सांगते, मळ नाही, नस कमजोर आहे, मशीन लागेल. लोकांचा चेहरा पडतो. दापोलीच्या आजोबांच्या सुनेने मला स्पष्टच विचारलं, त्या बाईंचा काढलात, मग आमचाच का नाही?

मी काकूंना फोन करून जाब विचारला. मळच कशाला सुचला तुम्हाला, म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलाला काय सांगू, आई खोटारडी आहे की बाप बहिरा आहे? मळ बरा. तो कोणाचाच दोष नसतो."

खोटा रिपोर्ट मी लिहिला नाही याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं, अजूनही वाटतं. फक्त माझ्या नावावर आता इंटरनेटवर जे लिहिलेलं आहे, ते माझ्या रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त लोक वाचतात. निखिलला खरं सांगून ते काढून टाकायला लावावं, तर काकूंची परवानगी नाही.

हा प्रसंग लिहायची परवानगी मात्र त्यांनी दिली, नावं बदलायच्या अटीवर. मी बदलली आहेत. रत्नागिरीत त्याचा कितपत उपयोग होईल ते सांगता येत नाही. कारण त्या दिवशी वेटिंगमध्ये बसलेल्या सगळ्यांना ते चांगलं ऐकू आलं होतं.

धंद्यापुरता एक बदल मी केला आहे. कोणी घरच्या माणसाला घेऊन आलं आणि ह्यांना ऐकू येत नाही असं म्हणालं, की आणलेल्या माणसाला मी बाहेर चहा द्यायला सांगते आणि जो घेऊन आला आहे त्याला आधी केबिनमध्ये बसवते. काही जण चिडतात. मला काही झालेलं नाही, असं म्हणतात. मी बरं म्हणते आणि हेडफोन पुढे करते.